एप्रिलची छाटणी : कर्तबगार माणसांनी मनाची निगा कशी राखावी

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराच्या बागेत मी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गेले होते. माल केव्हाच निघून गेला होता, खरड छाटणी, म्हणजे एप्रिलची छाटणी, होऊन काही दिवस लोटले होते आणि वेलींच्या उघड्याबोडक्या ओलांड्यांवर, म्हणजे आडव्या फांद्यांवर, जेमतेम बोटभर फूट दिसत होती. नवख्या माणसाला ही बाग तोडायला काढली आहे असेच वाटले असते. हे गृहस्थ झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनासाठी येत असत. निर्यातीचा माल पिकवणारे, पंचक्रोशीत नाव असलेले, हिशेबाला पक्के. त्यांनी एक कोवळी फूट बोटांवर धरली आणि म्हणाले, "मॅडम, लोकांना वाटतं द्राक्ष ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येतं. घड ठरतो तो आत्ता, उन्हाळ्यात, ह्या काडीच्या डोळ्यात. आत्ता हयगय झाली तर ऑक्टोबरला कितीही खर्च करा, घड जिरतात."

"आणि तुमची स्वतःची एप्रिल छाटणी कधी असते, अण्णा?" असे मी विचारले. ते आधी हसले आणि मग बराच वेळ ठिबकच्या नळीकडे पाहत राहिले.

या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. कर्तबगार माणसे भावनिक स्वास्थ्याला यशानंतर मिळायचे बक्षीस समजतात. आधी प्रमोशन, आधी सीएचा निकाल, आधी कंटेनर बंदरावर पोहोचू दे, मग मनाकडे पाहू, असा त्यांचा हिशेब असतो. प्रत्यक्षात ते तयारीचाच भाग आहे आणि ज्या महिन्यांत फळ दिसत नाही त्याच महिन्यांत त्याची निगा राखावी लागते. नाशिकच्या गंगापूर रोडवरील माझ्या खोलीत अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतील व्यवस्थापक येतात, कॉलेज रोडच्या अभ्यासिकांमध्ये बारा-बारा तास बसणारी मुले येतात, निवासी डॉक्टर येतात, लांब पल्ल्याचे धावपटूही येतात. त्यांच्याबरोबर काम करताना ज्या पायऱ्या उपयोगी पडल्या, त्या येथे क्रमाने मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

आधी कार्यकारण समजून घ्यावे

कर्तबगार माणसाला नुसता उपदेश पटत नाही, त्याला यंत्रणा कळावी लागते, म्हणून तेथूनच सुरुवात करते. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट पुढे आली आणि ती पुढे माणसांच्या बाबतीतही बरीच तपासली गेली. ताण अगदी कमी असेल तर काम ढिले होते, ताण वाढेल तसे काही मर्यादेपर्यंत काम सुधारते आणि ती मर्यादा ओलांडली की घसरते. यातील फारसा न सांगितला जाणारा भाग अधिक महत्त्वाचा आहे. काम जितके अवघड, तितकी ही मर्यादा लवकर येते. गोण्या उचलताना चालून जाणारा ताण ताळेबंदातील चूक शोधताना चालत नाही. माणूस हुद्द्याने वर चढतो तसे त्याचे काम अधिक गुंतागुंतीचे होते, पण काम करण्याची पद्धत मात्र तो जुनीच, म्हणजे अंगावर ताण घेऊन रेटण्याची, ठेवतो.

दुसरा खर्च भावना दाबण्याचा आहे. बैठकीत अपमान झाला आणि चेहऱ्यावर काहीच दिसू दिले नाही, याला आपल्याकडे परिपक्वता म्हणतात. जेन रिचर्ड्स आणि जेम्स ग्रॉस यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की चेहऱ्यावरील भावना लपवत राहणाऱ्यांना त्या वेळी सांगितलेल्या गोष्टी कमी आठवल्या. लपवण्याचे काम हे कामच असते आणि ते त्याच मेंदूला करावे लागते ज्याला समोरचे आकडेही लक्षात ठेवायचे असतात.

येथे एक इशारा देणे भाग आहे. भावनिक स्वास्थ्य म्हणजे सदैव प्रसन्न असणे नव्हे. चिडक्या आणि उदास माणसांनीही थोर कामे केलेली आहेत. सकाळी आरशासमोर "मी आनंदी आहे" असे म्हणण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही. भावना येते, ती ओळखता येते, तिचे काम झाले की ती जाते आणि आपण पुन्हा हातातील कामाकडे वळतो, हा येण्याजाण्याचा रस्ता मोकळा असणे, एवढाच माझ्या लेखी त्याचा अर्थ आहे.

पायरी पहिली : "टेन्शन" हा शब्द दोन आठवडे वर्ज्य करावा

शंभर पानी साधी वही घ्यावी. मोबाइलमधील ॲप नको, कारण मोबाइल उघडला की ऑफिसचे संदेशही उघडतात. दिवसातून तीन वेळा, शक्यतो जेवणाच्या आणि चहाच्या वेळांना जोडून, तीन गोष्टी एकेका ओळीत लिहाव्यात. आत्ता काय चालले आहे, शरीरात कोठे काय जाणवते आणि या भावनेचे नाव काय. पहिल्या दोन ओळी सगळ्यांना जमतात. तिसऱ्या ओळीपाशी बहुतेकांचे पेन थांबते आणि मग "टेन्शन" असा एकच शब्द पंधरा दिवस लिहिला जातो.

हा शब्द वापरायचा नाही, एवढीच या पायरीची अट आहे. कारण त्याच्या पोटात किमान आठ-दहा वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय निराळा असतो. आपल्या भाषेने यासाठी शब्दांची कमतरता ठेवलेली नाही. पुढे काहीतरी वाईट घडेल असे वाटते ती धास्ती, आणि तिच्यावर तयारी हा उपाय असतो. घडून गेलेल्या गोष्टीची टोचणी म्हणजे खंत, तिच्यावर तयारी चालत नाही, तेथे दुरुस्ती किंवा माफी लागते. शीण हा शरीराचा असतो आणि तो झोपेनेच जातो. उबग मात्र झोपेने जात नाही, कारण तो कामाच्या निरर्थकतेतून आलेला असतो. सहकाऱ्याच्या बढतीने वाटते ती असूया, आणि ती कबूल केली की निम्मी निवते. घुसमट म्हणजे कोणाला तरी काहीतरी सांगायचे राहून गेलेले असणे. तगमग, हुरहुर, चीड, शरम, पोकळी या प्रत्येकीचा पत्ता वेगळा आहे.

अंबडच्या एका कारखान्यातील उत्पादन व्यवस्थापकांची वही मला आठवते. पहिले पाच दिवस त्यांनी "टेन्शन" लिहून खोडलेले होते. सहाव्या दिवशी दुपारी सव्वाचारच्या नोंदीत लिहिले होते, "डिस्पॅचची मीटिंग. जबडा आवळलेला. शरम." महिनाभर आम्ही दोघेही त्यांच्या कामाच्या बोजाविषयी बोलत होतो, आणि खरा प्रश्न बोजाचा नव्हताच. नव्याने आलेल्या संगणक प्रणालीतील दोन स्क्रीन त्यांना वापरता येत नव्हते आणि ज्युनिअर इंजिनिअरला विचारण्याची लाज वाटत होती. एका शनिवारी दीड तास त्या मुलाशेजारी बसून त्यांनी ते शिकून घेतले. बोजा तेवढाच राहिला, जबडा मात्र सैल झाला.

भावनेला नेमके नाव दिल्याने तिची धग कमी होते, हा केवळ अनुभव नाही. मॅथ्यू लिबरमन यांच्या चमूने २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमांच्या आधारे दाखवले की भावना शब्दांत मांडताना अमिग्डाला या भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची प्रतिक्रिया मंदावते. दोन आठवडे झाले की वही एका बैठकीत वाचून काढावी आणि कोणता शब्द सर्वांत जास्त वेळा आला आहे ते मोजावे. पुढील पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर जास्त वेळ द्यायचा हे त्यावरून ठरते. ही पायरी गाळून थेट श्वासाच्या व्यायामाकडे धाव घेणारे पुष्कळ असतात. माती परीक्षण न करता खत टाकण्यासारखेच ते आहे.

पायरी दुसरी : झोपेचा हिशेब

या विषयावर वाद घालण्याचे मी सोडून दिले आहे, कारण थकलेला माणूस स्वतःच्या थकव्याचा साक्षीदार होऊ शकत नाही. हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सलग चौदा दिवस रोज ठरावीक तास झोपू दिले. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची लक्ष देण्याची क्षमता हळूहळू घसरत जाऊन दोन रात्री सलग जागलेल्या माणसाच्या पातळीपर्यंत आली. त्यांना स्वतःला मात्र आपण फार झोपाळलेलो आहोत असे वाटत नव्हते. "मला पाच तास पुरतात" हे वाक्य म्हणूनच पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

माझा स्वतःचा दाखला देते. काही वर्षांपूर्वी दिवसाची प्रॅक्टिस, संध्याकाळची शिबिरे आणि रात्री अहवाललेखन असा क्रम मी जवळपास सहा महिने रेटला होता. एका दुपारी समोर बसलेल्या बारावीच्या मुलीला मी दुसऱ्याच मुलीच्या नावाने हाक मारली, आणि तेवढ्यावर न थांबता त्या दुसऱ्या मुलीच्या वडिलांच्या आजारपणाची चौकशीही केली. ती काही बोलली नाही. मांडीवरची ओढणी तिने हळूच आवळून धरली, एवढेच मला दिसले. ती पुन्हा कधीही आली नाही. मी तेव्हा कोणालाही ठणकावून सांगितले असते की मी अगदी व्यवस्थित आहे.

करायचे ते असे. झोपण्याची वेळ पाळणे अनेकांच्या हाती नसते, उठण्याची असते, म्हणून आधी उठण्याची वेळ निश्चित करावी आणि रविवारीही ती तासाभरापेक्षा जास्त हलवू नये. दुपारी दोन-तीननंतर चहा-कॉफी बंद करावी. मोबाइलचा चार्जर झोपण्याच्या खोलीबाहेर लावावा. घड्याळ नाही ही सबब सांगू नये, मेन रोडवर गजराची घड्याळे अजूनही मिळतात. फिरत्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी रात्रपाळीहून परतल्यावर खोली खरोखर अंधारी करावी आणि त्या वेळेत बेल वाजवू नये हे घरच्यांशी बोलून ठरवावे. तीन आठवडे सात तासांच्या खाली न जाण्याचा प्रयोग करावा आणि मग पाच तासांची फुशारकी मारायची की नाही ते ठरवावे.

पायरी तिसरी : दिवस मिटवणे

जुन्या भद्रकालीतील दुकानदार रात्री गल्ला मोजतो, उधारीची वही बंद करतो, देवाला उदबत्ती लावतो आणि मगच शटर ओढतो. पगारदार आणि व्यावसायिक माणसाच्या दिवसाला असे शटर उरलेले नाही. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला उभे असतानाही त्याची मीटिंग चालूच असते.

अर्धवट राहिलेले काम डोक्यात घोळत राहते हे सर्वांना ठाऊक आहे. ते पूर्ण केल्याशिवाय सुटका नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवले की राहिलेले काम कधी आणि कसे करायचे याची नेमकी योजना केली तरी त्याची टोचणी बरीचशी थांबते. म्हणून काम संपवताना सात मिनिटे राखून ठेवावीत. आज काय झाले ते दोन ओळींत लिहावे, काय राहिले ते लिहावे आणि प्रत्येक राहिलेल्या कामासमोर "उद्या साडेनऊला, आधी अमुक फाइल उघडून" इतके बारीक लिहावे. नुसते "रिपोर्ट करणे" असे लिहिल्यास मन त्यावर विश्वास ठेवत नाही. मग वही बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवावी, घरी आणू नये.

त्यानंतर घर आणि काम यांच्यामध्ये वीस मिनिटांची एक जागा तयार करावी. सातपूरहून घरी जाणाऱ्या एका बाईंनी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर गाडी थांबवून तीन फेऱ्या मारण्याचे ठरवले. त्यांच्या सासूबाईंना आधी ते आवडले नाही. महिन्याभराने त्यांनीच, "आज फेऱ्या मारल्या नाहीत वाटतं," असे सुनेचा आवाज ऐकून ओळखायला सुरुवात केली.

विश्रांती आणि कर्तबगारी यांचे वैर आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी अँडर्स एरिक्सन यांचा १९९३ चा बर्लिनमधील व्हायोलिनवादकांचा अभ्यास वाचण्यासारखा आहे. त्यातून लोकांनी प्रावीण्यासाठी दहा हजार तासांच्या सरावाचा आकडा उचलला आणि बाकीचे सोडून दिले. उत्कृष्ट वादक एकट्याने सराव करत तो छोट्या सत्रांत आणि दिवसाला साधारण चार तासांच्या आत, आणि इतरांपेक्षा ते जास्त झोपत, दुपारची डुलकीही त्यात आली. ही बाजू आपल्या अभ्यासिकांच्या जाहिरातीत कोणी छापत नाही.

पायरी चौथी : मोठ्या क्षणाच्या आधी

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत आघाडीवर होता. एक गोळी ७.६ ला गेली आणि तो चौथा आला. पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याच ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. ७.६ आणि १० यांच्यातील अंतर लक्ष्यावर जेमतेम दोन सेंटिमीटरचे असते. ते अंतर निव्वळ तंत्राने मोजता येत नाही, हे नेमबाजांना जितके कळते तितके आपल्या बोर्डरूममध्ये कळत नाही.

परीक्षा, मोठे सादरीकरण, शस्त्रक्रिया किंवा शर्यत यांच्या आधी "शांत हो" असे स्वतःला बजावणे बहुधा फसते, कारण धडधडणाऱ्या हृदयाला शांत करणे हे फार मोठे वळण आहे. ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवले की अशा वेळी "मी उत्सुक आहे" असे म्हणणाऱ्यांची कामगिरी शांत होण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. धडधड तीच राहते, तिचे नाव बदलते. मराठीत "उत्सुक आहे" हे जरा पुस्तकी वाटते. माझ्याकडे येणारी एक धावपटू "अंगात वारं भरलंय" असे म्हणते, आणि ते कितीतरी चांगले आहे. प्रत्येकाने आपला शब्द शोधावा आणि तो आधी सरावात वापरून पाहावा, थेट स्पर्धेच्या दिवशी नव्हे.

ज्यांच्या मनात काळजीचे शब्द गर्दी करतात त्यांनी परीक्षेच्या आधी दहा मिनिटे ते सगळे कागदावर उतरवावेत आणि कागद फाडून टाकावा. रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११ च्या अभ्यासात परीक्षेची धास्ती जास्त असणाऱ्या विद्यार्थ्यांना याचा फायदा झाला. काळजी डोक्यात फिरत असते तेव्हा गणिताला लागणारी जागा ती अडवते, असे त्यामागील कारण संशोधकांनी मांडले. दारासमोर उभे राहून शेवटच्या क्षणी नोट्स चाळण्यापेक्षा हे बरे.

श्वासाविषयी थोडक्यात सांगते. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्यास जास्त वेळ द्यावा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील इतका वेग ठेवावा आणि हे रोज पाच मिनिटे करावे. फक्त संकटाच्या वेळी करून ते जमत नाही.

पायरी पाचवी : हरल्यानंतरचे अठ्ठेचाळीस तास

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण कर्तबगार माणसे येथेच सर्वांत जास्त नुकसान करून घेतात.

आपल्या नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी २०२३ मध्ये आइल ऑफ मॅनला ग्रँड स्विस स्पर्धा खेळायला गेला आणि पहिल्याच फेरीत त्याच्यापेक्षा कमी मानांकनाच्या खेळाडूकडून हरला. अकरा फेऱ्यांच्या स्पर्धेत पहिला डाव गमावणे म्हणजे काय, हे बुद्धिबळ खेळणाऱ्यांना सांगायला नको. उरलेल्या दहा डावांत त्याने साडेआठ गुण मिळवले, स्पर्धा जिंकली आणि जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या २०२४ च्या कँडिडेट्स स्पर्धेत स्थान मिळवले. त्या पहिल्या रात्री त्याच्या मनात काय चालले होते ते त्याचे त्यालाच ठाऊक. मी फक्त एवढे दाखवते की पहिल्या फेरीतील पराभव दुसऱ्या फेरीच्या पटावर आणला असता तर हे गणित जमले नसते.

पराभव पुढच्या पटावर नेणारी गोष्ट म्हणजे स्वतःला दिलेल्या शिव्या. "स्वतःला टोचत राहिलो नाही तर मी ढिला पडेन," हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की ते एखाद्या शाळेत शिकवत असावेत असे वाटते. ब्राइन्स आणि चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगांत याच्या उलट दिसले. चाचणीत नापास झाल्यानंतर ज्यांना स्वतःकडे आपुलकीने पाहण्यास सांगितले होते, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला. कारण समजण्यासारखे आहे. ज्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर शिवी आहे ते पुस्तक कोण उघडेल?

म्हणून पराभवानंतर हा क्रम पाळावा. पहिल्या रात्री विश्लेषण करू नये. जेवावे, घरच्यांना "आज वाईट गेले, उद्या बोलू" इतकेच सांगावे आणि झोपावे. दुसऱ्या दिवशी एक तास ठरवून, दार लावून, कागदाच्या डाव्या बाजूला घडलेल्या गोष्टी लिहाव्यात आणि उजव्या बाजूला आपण स्वतःवर दिलेले निकाल. "तिसऱ्या प्रश्नाला पस्तीस मिनिटे लागली" ही घटना आहे. "माझी लायकीच नाही" हा निकाल आहे. मग उजवी बाजू कात्रीने खरोखर कापून काढावी. हे लोकांना पोरकट वाटते आणि तरीही ज्यांनी केले त्यांना कात्रीचा आवाज लक्षात राहतो. डाव्या बाजूतून पुढच्या वेळी बदलायची एकच गोष्ट निवडावी. पाच निवडल्या की एकही होत नाही.

शेवटी आपल्या आतेभावाला किंवा मावसबहिणीला हेच अपयश आले असते तर आपण काय म्हटले असते ते दोन वाक्यांत लिहावे. सीएच्या परीक्षेत तिसऱ्यांदा अडकलेल्या एका मुलीने लिहिले होते, "ताई, तू दोन ग्रुप एकदम देत होतीस आणि घरात आजीचं आजारपण होतं. यात तुझं काय चुकलं?" हे वाचताना तिला जे रडू आले ते आठ महिने थांबलेले होते.

पायरी सहावी : जिंकल्यानंतर

याची तयारी कोणीच करत नाही. नेमबाज अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले आणि त्यानंतर आलेल्या पोकळीविषयी तो पुढे उघडपणे बोलला आहे. वर्षानुवर्षे ज्याच्यासाठी उठत होतो ते संपले, आता उद्या सकाळी कशासाठी उठायचे, हा प्रश्न पदोन्नती मिळालेल्या माणसालाही पडतो. पेढे वाटून झालेले असल्यामुळे तो कोणाला सांगताही येत नाही. ध्येय गाठण्याच्या महिनाभर आधीच, त्यानंतरच्या तीन आठवड्यांत काय करायचे ते लिहून ठेवावे आणि त्यात नवे ध्येय असू नये. माल निघाल्यावर बागायतदारही बागेला काही दिवस विसावा देतो आणि मगच कात्री लावतो.

पायरी सातवी : दोन माणसे

आधार म्हणून गर्दी लागत नाही, दोन माणसे पुरतात. एक असा की ज्याला आपल्या क्षेत्रातील अडचणी कळतात आणि एक असा की ज्याला त्यातले काहीही कळत नाही आणि कळून घ्यायचेही नाही. पहिल्याला बोलावताना "सल्ला नको, वीस मिनिटे फक्त ऐक" असे आधीच सांगावे. आपल्याकडे ऐकणारा माणूस तिसऱ्या मिनिटाला उपाय सुचवू लागतो आणि सांगणारा गप्प होतो. दुसऱ्याबरोबर सोमेश्वरला जाऊन कणीस खावे, चामर लेणीच्या पायऱ्या चढाव्यात, कामाविषयी बोलू नये.

घरच्यांच्या बाबतीत एकच प्रश्न विचारण्याचे धाडस करावे, "मी घरी असतो तेव्हा खरंच असतो का?" उत्तर ऐकताना खुलासा देऊ नये.

ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांतील चमूंचा अभ्यास करताना चांगल्या चमूंकडून जास्त चुका नोंदवल्या जात आहेत असे दिसले. तेथे चुका जास्त होत असण्यापेक्षा त्या सांगण्याची भीती कमी होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या विभागात महिन्याभरात कोणीच चूक कबूल केली नसेल तर अभिमान बाळगण्यापूर्वी थोडे थांबावे.

या पायऱ्या जेथे अपुऱ्या पडतात

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउट ही कामाशी संबंधित अवस्था म्हणून आपल्या रोगवर्गीकरणात नमूद केली. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपण किंवा तिटकारा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. ही अवस्था व्यवस्थित न हाताळलेल्या, दीर्घकाळ चाललेल्या कामाच्या ताणातून येते असेही तेथे म्हटले आहे. याचा सरळ अर्थ असा की दोन माणसांचे काम एकाकडे असेल, पगार थकला असेल किंवा वरिष्ठ रोज सर्वांसमोर पाणउतारा करत असतील, तर वही आणि श्वास यांनी ते सुटणार नाही. तेथे कामाच्या वाटपाविषयी लेखी बोलावे लागते, कधी नोकरी बदलावी लागते. अन्याय सहन करण्याची ताकद वाढवणे हा या मार्गदर्शनाचा हेतू नाही.

दोन आठवडे रोज, दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटत असेल, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरला नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. त्याबरोबर नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यावे, कारण यांतील बिघाडही उदासीसारखा दिसू शकतो. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजू नयेत, त्याच दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन जावे. टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही. पहिल्या भेटीत काय बोलावे हे सुचत नसेल तर पहिल्या पायरीतील वही तशीच डॉक्टरांसमोर ठेवावी. कर्तबगार माणसे डॉक्टरांसमोरही आपण किती छान चाललो आहोत हे सांगत बसतात. वही तसे करत नाही.

वेळेचे गणित आणि मोजमाप

सगळ्या पायऱ्या एकदम सुरू करू नयेत. पहिले दोन आठवडे फक्त वही, पुढचे तीन आठवडे झोप, त्यानंतर दिवस मिटवणे, आणि बाकीच्या पायऱ्या प्रसंग येईल तशा. तोपर्यंत दोन-अडीच महिने होतात. आर्थिक वर्षअखेर, परीक्षेचा शेवटचा महिना किंवा द्राक्षाचा ऐन हंगाम या काळात सुरुवात करू नये, त्या आधीचा मोकळा काळ निवडावा.

"मी आनंदी आहे का?" या प्रश्नाने प्रगती मोजू नये, कारण त्याचे उत्तर विचारण्याच्या वेळेवर अवलंबून असते. त्याऐवजी तीन गोष्टींची नोंद ठेवावी. आठवड्यात किती कामे पुन्हा करावी लागली, वाईट बातमी आल्यापासून पुन्हा कामाला हात लागेपर्यंत किती वेळ गेला, आणि घरच्यांवर किती वेळा आवाज चढला. तिसरा आकडा आपण भरू नये, घरच्यांकडून भरून घ्यावा.

दिंडोरीच्या त्या बागायतदारांनी आपली वही जूनमध्ये मला दाखवली. झोपेच्या रकान्यात साडेपाच, सहा, सहा, साडेसहा असे आकडे होते. तिसऱ्या आकड्याच्या रकान्यात वेगळ्या, वळणदार अक्षरांत त्यांच्या पत्नीने आठवड्यामागून आठवडा ७, ७, ४, ५, २ असे लिहिले होते, आणि त्या पाचाच्या शेजारी बारीक अक्षरांत एक खुलासाही होता : "गारपीट झाली होती, सबब धरू नये."